‘चेक’ हा शब्द आला कुठून? इंग्रजी शब्दाचा माग काढायची रीत, एकेका पायरीने

गॅस बंद केलास का, चेक कर. टीसीने तिकीट चेक केलं. चेक वटला नाही. निळ्या चेक्सचा शर्ट. मुलुंड चेकनाक्याला उतर. डॉक्टरांकडे चेकअप. बुद्धिबळाच्या पटावर चेक.

सकाळपासून रात्रीपर्यंत हा शब्द आपल्या तोंडी असतो, आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ जरासा बदललेला असतो. तपासणं, पैसे देण्याचा कागद, कापडावरची चौकट, रस्त्यावरचा नाका आणि राजावरचा हल्ला. एका शब्दात एवढं सगळं कसं मावलं, हा प्रश्न पडला की बहुतेक जण मोबाइलवर शोधतात, पहिली दिसणारी चार ओळींची गोष्ट वाचतात आणि इतरांना पाठवतात. ती गोष्ट बऱ्याचदा अर्धवट असते, कधी साफ खोटीही.

भाषांतर आणि शब्दटिपणांच्या कामात मला हे रोज करावं लागतं. नव्याने या नादाला लागलेल्यांची तारांबळ नेमकी कुठे उडते तेही दिसतं. म्हणून ‘चेक’ हाच एक शब्द हातात धरून सगळी रीत इथे मांडते आहे. भाषाशास्त्राची पदवी लागत नाही. चिकाटी मात्र लागते, आणि कुठलीही कडी ‘असेलच’ म्हणून गृहीत धरायची नाही एवढी शिस्त.

## आधी हे जमवून ठेवा

एक वही किंवा एक्सेलची फाइल घ्या आणि तिच्यात पाच रकाने आखा: अर्थ, नमुन्याचं वाक्य, काळ, भाषा, कुठे सापडलं. शेवटचा रकाना सगळ्यांत आधी भरायची सवय लावा. महिन्याभराने टिपण उघडलं की हे आपण कुठे वाचलं होतं ते आठवत नाही, आणि मग सगळं पुन्हा शोधावं लागतं.

इंग्रजीसाठी सगळ्यांत भरवशाची ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. तिचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि काम पुरं व्हायला १९२८ उजाडलं. प्रत्येक अर्थाखाली जुन्या लिखाणातली वाक्यं सालवारीने दिलेली असतात, हे तिचं बलस्थान. नव्या आवृत्तीच्या संकेतस्थळाला वर्गणी लागते, पण पहिल्या आवृत्तीचे खंड इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येतात. विद्यापीठाच्या ग्रंथालयात ओळख असेल तर तिथेही विचारा. रोजच्या कामाला एटिमॉनलाइन आणि मेरियम-वेबस्टर ही दोन फुकट संकेतस्थळं पुरतात.

मराठीसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७). तो शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शब्द टाकून शोधता येतो. फारसीतून आलेल्या शब्दांसाठी माधव जूलियन यांचा १९२५ चा फार्शी-मराठी कोश, व्युत्पत्तीसाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा मराठी व्युत्पत्ति कोश, आणि संस्कृतसाठी मोनियर-विल्यम्स. सगळे एकदम उघडून बसू नका. कोणता कधी लागतो ते पुढे येईलच.

## १. कोश मिटलेला असतानाच अर्थ लिहून काढा

ही पायरी नवखे हमखास गाळतात. आधी कोश उघडला की त्यातल्या व्याख्या डोक्यात बसतात आणि आपल्या कानावर रोज पडणारे वापर निसटतात.

‘चेक’चे मी गट पाडते ते असे. पहिला, तपासणं: तिकीट चेक, चेकलिस्ट, चेकअप. दुसरा, अडवणं किंवा आवर घालणं: इंग्रजीत एखाद्याला ‘चेकमध्ये ठेवणं’ म्हणजे त्याला हाताबाहेर जाऊ न देणं, संसद आणि न्यायालयांबद्दल बोलताना येणारा ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ यातलाच. तिसरा, बँकेचा चेक. चौथा, चौकडीचं कापड. पाचवा, बुद्धिबळ. शिवाय हॉटेलातलं चेक-इन आणि चेक-आउट, म्हणजे यादीत नाव चढणं आणि उतरणं.

आता चेकनाक्याकडे जरा नीट बघा. तिथे गाडी आधी थांबवतात, मग तपासतात. अडवणं आणि तपासणं हे आपण दोन गटांत टाकले होते, पण या एका शब्दात दोन्ही एकत्र नांदतात. असा सांधा सापडला की त्याच्यापुढे खूण करून ठेवा. पुढे अर्थाची साखळी जुळवताना हीच खूण कामी येते.

## २. सारखे दिसणारे पाहुणे वेगळे बसवा

देवनागरीत ‘चेक’ लिहिलं की तीन वेगवेगळे शब्द एकाच अंगरख्यात दिसतात, म्हणून इंग्रजी स्पेलिंग पाहायलाच हवं. तपासण्याचा चेक सी-के वर संपतो. बँकेचा चेक ब्रिटिश आणि भारतीय वापरात क्यू-यू-ई वर संपतो, अमेरिकेत मात्र तोही सी-के वरच. प्राग ज्याची राजधानी आहे त्या चेक प्रजासत्ताकाचं स्पेलिंग सी-झेड ने सुरू होतं. ते तिथल्या स्लाव्ह लोकांचं स्वतःचं नाव आहे आणि आपल्या शब्दाशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

पण स्पेलिंग वेगळं म्हणजे शब्द वेगळा, असंही लगेच ठरवू नका. बँकेचा चेक आणि तपासण्याचा चेक मुळात एकच आहेत. सी-झेड वाला पाहुणा खरोखरच परका. स्पेलिंग नुसती शंका उपस्थित करतं. निकाल कोशातली नोंद देते.

## ३. कोशातली नोंद वाचायला शिका

इथे दोन गोष्टी ठाऊक नसल्या तर पुढचं सगळं चुकतं.

पहिली म्हणजे अर्थांचा क्रम. विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या कोशांत सर्वांत जास्त वापरला जाणारा अर्थ पहिला देतात, त्यामुळे तिथे ‘तपासणं’ वर दिसतं आणि तोच मूळ अर्थ असं वाटून जातं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात आणि मेरियम-वेबस्टरमध्ये क्रम इतिहासाचा असतो. मेरियम-वेबस्टर उघडून ‘चेक’ हे नाम पाहा. पहिला अर्थ आहे बुद्धिबळातल्या राजावर आलेला हल्ला. तपासणं बरंच खाली.

दुसरी म्हणजे साल. ‘पहिला वापर अमुक साली’ याचा अर्थ एवढाच की त्याच्याआधीचं लेखी वाक्य अजून हाती लागलेलं नाही. लोक तो शब्द त्याआधी कित्येक वर्षं बोलत असू शकतात. म्हणून वहीत ‘या साली जन्मला’ असं लिहू नका; ‘या सालापासून लेखी सापडतो’ असं लिहा.

आणखी एक बारीक खूण. शब्दाच्या आधी तारा, म्हणजे फुली किंवा चांदणी, असेल तर ते रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी तुलनेवरून बांधलेलं आहे. ते वहीत उतरवताना तारा गाळला की अंदाजाचं सत्य होऊन बसतं.

## ४. एकेक पायरी मागे जा, उडी मारू नका

‘चेक’ इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून. तिथे तो ‘एस्चेक’ होता (आजच्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’). फ्रेंचमध्ये आला मध्ययुगीन लॅटिनमधल्या ‘स्काकुस’वरून. लॅटिनमध्ये आला अरबीतून, आणि अरबीने घेतला फारसीतून: शाह. राजा.

इराणात बुद्धिबळ खेळताना समोरच्या राजावर हल्ला झाला की ‘शाह!’ असं म्हणून सावध करायची पद्धत होती. खेळ पश्चिमेकडे गेला तसा हा पुकाराही गेला, आणि वाटेत प्रत्येक भाषेने त्याला आपल्या वळणावर आणलं.

हे वळण पटतं का ते तपासायचं असतं. ‘शाह’चा ‘चेक’ ऐकायला ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो. पण कड्या सुट्या करून पाहा. शेवटचा ‘ह’ लॅटिनमध्ये ‘क’ झाला. सुरुवातीचा ‘श’ लॅटिनमध्ये ‘स्क’ झाला. ‘स्क’ने सुरू होणारे शब्द म्हणायला फ्रेंच जिभेला जड जायचे, म्हणून पुढे एक ‘ए’ लागला. आपल्या बोलीत ‘स्कूल’चं ‘इस्कूल’ होतं तेच हे. फ्रेंचमध्येच त्या ‘स्क’चा ‘स्च’ झाला, आणि इंग्रजीत आल्यावर पुढचा ‘एस्’ गळून ‘चेक’ उरला.

एकाच भाषेवर विसंबायचं नसेल तर भावंडं गोळा करा. बुद्धिबळाला जर्मनमध्ये ‘शाख’, रशियनमध्ये ‘शाख्मती’, इटालियनमध्ये ‘स्काक्की’ म्हणतात, आणि शह दिल्यावर स्पॅनिशमध्ये ‘हाके’. इंग्रजी ‘चेस’ तर ‘एशेक’च्याच अनेकवचनातून आला, म्हणजे ‘चेस’ आणि ‘चेक’ एकाच पोटचे. इतक्या भाषांत तोच खेळ आणि तोच आवाज सापडला की योगायोगाची शंका उरत नाही.

इराणातून अजून मागे जायचं असेल तर बेहिस्तूनच्या कड्यावरचा दारयवुश राजाचा शिलालेख आहे, इसवी सनापूर्वी ५२० च्या आसपासचा. त्यात तो स्वतःला ‘ख्शायथिय’ म्हणवतो. त्याच रूपाचा झिजत झिजत ‘शाह’ झाला. आणि मोनियर-विल्यम्समध्ये ‘क्षि’ धातू काढून पाहिलात तर ‘क्षयति’ म्हणजे सत्ता गाजवतो हा अर्थ मिळेल. ‘क्षत्र’ आणि ‘क्षत्रिय’ याच घराण्यातले. इथे एक काळजी घ्या. ‘क्षत्र’ हा ‘शाह’चा बाप नव्हे, चुलतभाऊ. दोघांचं मूळ संस्कृत आणि जुनी फारसी वेगळ्या होण्याआधीच्या काळातलं आहे. वहीत बाण काढताना संस्कृताकडून फारसीकडे काढू नका. दोघांच्या वर एक समान मूळ दाखवा.

खेळाचं मात्र उलट आहे. चतुरंग भारतातून इराणात गेला, तिथे त्याचा ‘चतरंग’ झाला, अरबीत ‘शतरंज’. म्हणजे खेळ गेला इथून, पण शह देण्याचा शब्द इराणचा. वस्तूचा प्रवास आणि शब्दाचा प्रवास या दोन वेगळ्या नोंदी ठेवा. पुष्कळ गोंधळ इथेच होतो.

## ५. अर्थाची साखळी जोडा

सगळ्यांत जास्त वेळ या पायरीला द्या. आवाज कसे बदलले हे कोश सांगतो. एका अर्थातून दुसरा कसा निघाला ते आपल्याला समजून घ्यावं लागतं, आणि खरी मजाही तिथेच आहे.

पटावरून सुरुवात करा. राजाला शह बसला की खेळणाऱ्याची मनातली चाल तिथेच थांबते. आधी शह सोडवायचा, बाकी सगळं नंतर. त्यामुळे ‘चेक’चा पटाबाहेरचा पहिला अर्थ झाला अचानक बसलेला धक्का, अडसर. त्यातून थांबवणं, आवर घालणं. चौदाव्या शतकापासून हे अर्थ इंग्रजीत रुळायला लागतात.

आवर घालण्यापासून तपासण्यापर्यंतचा टप्पा मोठा आहे, आणि चार ओळींच्या गोष्टी नेमका हाच गाळतात. मधली कडी आहे लबाडीला आवर घालण्याची. इंग्लंडच्या राजवाड्यात आणि पुढे आरमाराच्या गोद्यांत ‘क्लार्क ऑफ द चेक’ नावाचा अधिकारी असे. कोण कामावर आलं, कोण नाही, खोट्या नावांनी पगार तर उचलला जात नाही ना, हे तो हजेरीपटावरून बघायचा. अडवायचं काय? फसवणूक. कशाने? यादीशी पडताळून. पडताळणं आलं की तपासणं दारातच उभं असतं. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ‘बरोबर आहे का ते ताडून पाहणं’ हा अर्थ पक्का झालेला दिसतो.

हीच वाट दुसऱ्या एका शब्दानेही चालली आहे, आणि असा जोडीदार मिळाला की आपल्या साखळीला बळ येतं. ‘कंट्रोल’ हा फ्रेंच ‘कोंत्र-रोल’वरून, म्हणजे ताडून पाहण्यासाठी ठेवलेली दुसरी गुंडाळी, हिशेबाची दुसरी प्रत. तोही दोन प्रती जुळवण्यापासून ताबा ठेवण्यापर्यंत पोचला. ‘चेक’ ताब्याकडून जुळवण्याकडे आला, ‘कंट्रोल’ जुळवण्याकडून ताब्याकडे गेला. हे दोन अर्थ शेजारी राहतात याचा हा पुरावाच.

आता बँकेचा चेक. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ‘चेक’ म्हणजे पैसे देण्याच्या कागदाची स्थळप्रत, आपल्याकडे राहणारा तुकडा. कागदात कुणी खाडाखोड केली तर या तुकड्याशी ताडून पकडायचं. पुढे ते नाव तुकड्यावरून सरकून खुद्द कागदालाच चिकटलं. म्हणजे बँकेत आपण वटवतो त्या चेकच्या नावातही ‘ताडून पाहा’ हाच अर्थ आहे. क्यू-यू-ई चं स्पेलिंग मागाहून आलं, ‘एक्सचेकर’ या शब्दाच्या वळणावर. भारताच्या १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यात, ज्याच्या कलम १३८ खाली चेक न वटल्याचे खटले चालतात, हेच स्पेलिंग आहे.

‘एक्सचेकर’ म्हणजे इंग्लंडचा खजिना. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला अजून ‘चान्सलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणतात. हा शब्द पटाकडून आला. फ्रेंच ‘एशेकिए’ म्हणजे बुद्धिबळाचा पट. चौकडीच्या कापडाला ‘चेक्स’ म्हणतात ते याच फांदीवरून. मग खजिन्याचा आणि पटाचा संबंध काय? त्यासाठी पुढची पायरी.

## ६. एक तरी जुना पुरावा स्वतः वाचा

कोशात उद्धृत केलेल्या वाक्यांपैकी निदान एक मूळ जागी जाऊन वाचा. त्याने शब्द जिवंत होतो आणि कोशाने काय गाळलं तेही कळतं.

एक्सचेकरसाठी पुरावा फार उत्तम आहे. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात खजिन्याच्या कामकाजावर लॅटिनमध्ये प्रश्नोत्तररूप ग्रंथ लिहिला. त्याचं इंग्रजी भाषांतर महाजालावर मिळतं. त्यात त्या टेबलाचं वर्णन आहे: सुमारे दहा फूट लांब, पाच फूट रुंद, कडेला चार बोटं उंचीचा काठ, म्हणजे वर ठेवलेलं काही खाली पडू नये. त्यावर काळं कापड, आणि कापडावर रेघा. रेघांमधले रकाने ठरलेले: पेनी, शिलिंग, पौंड, मग वीस पौंड, शंभर, हजार, दहा हजार. आकडे रोमन अंकांत लिहायचे तर बेरीज-वजाबाकी कागदावर करणं महाकठीण. म्हणून रकान्यांत नाणी मांडून हिशेब व्हायचा. जिल्ह्याजिल्ह्यांतून वसुली घेऊन आलेला शेरीफ एका बाजूला, खजिन्याची माणसं दुसऱ्या बाजूला, आणि मधे नाणी सरकताहेत. यातली बरीच मंडळी निरक्षर असली तरी हिशेब डोळ्यांना दिसायचा.

याला एक्सचेकर का म्हणतात, असा प्रश्न शिष्याने विचारल्यावर फिट्झनील दोन कारणं देतो. एक, ते दिसतं बुद्धिबळाच्या पटासारखं. दुसरं, तिथेही खजिनदार आणि शेरीफ यांच्यात लढाईच चालते. आठशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसाने, जो स्वतः त्या टेबलापाशी बसायचा, दिलेलं हे उत्तर वाचलं की कोशातली कोरडी ओळ विसरायला होते.

शब्दातला ‘एक्स’ही पाहण्यासारखा. जुन्या फ्रेंचमधले ‘एस’ने सुरू होणारे काही शब्द खरोखर लॅटिन ‘एक्स’वरून आलेले होते. लेखनिकांना वाटलं हाही त्यातलाच, म्हणून त्यांनी ‘एक्स’ घातला. चुकीच्या समजुतीतून आलेलं अक्षर आज ब्रिटिश अर्थमंत्र्याच्या पदनामात विराजमान आहे.

इंग्रजीतला पुरावा हवा तर चौदाव्या शतकातला कवी चॉसर आहे. १३६८ मध्ये वारलेल्या लँकेस्टरच्या डचेस ब्लांशच्या स्मरणार्थ त्याने लिहिलेल्या काव्यात शोकाकुल सरदार सांगतो की नियतीने माझ्याशी बुद्धिबळ मांडलं आणि माझी राणी मारली. त्या काही ओळींत ‘चेक’, ‘मात’ आणि पटासाठी ‘चेकर’ हे तिन्ही शब्द येतात. राणीसाठी त्याने वापरलेला शब्द आहे ‘फर्स’, फारसी ‘फर्जीन’वरून, म्हणजे वजीर. आपण त्या सोंगटीला अजूनही वजीरच म्हणतो.

## ७. मराठीचं दार ठोठावा

आपल्यासाठी ही पायरी हक्काची आहे. इंग्रजी वाचकाला जो शब्द कोशात शोधावा लागतो तो कधीकधी आपल्या घरातच असतो.

मोल्सवर्थमध्ये ‘शह’ काढा. फारसी मूळ, बुद्धिबळातला शह. आता ‘शहकाटशह’ आठवा. वर्तमानपत्रात राजकारणाच्या बातम्यांत तो आठवड्यातून एकदा तरी भेटतो. ‘शह देणं’ म्हणजे अडवणं, कोंडी करणं. पटावरून अडवण्याकडे अर्थ सरकला तो मराठीतही तसाच सरकला. म्हणजे फारसी ‘शाह’ पूर्वेला आपल्याकडे ‘शह’ म्हणून राहिला आणि पश्चिमेला फिरून इंग्रजीतून ‘चेक’ म्हणून पुन्हा आपल्याकडे आला. ‘शह’ अडवण्यापाशीच थांबला. त्याने हजेरीपट आणि हिशेबाची टेबलं पाहिली नाहीत, म्हणून तो तपासण्यापर्यंत पोचला नाही. अर्थ कुठवर गेला हे शब्दावर नाही, तो कुठल्या कचेऱ्यांतून फिरला त्यावर ठरलं. या शब्दाबद्दल मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हेच.

‘मात’ही घ्या. ‘संकटांवर मात केली’ असं आपण सहज म्हणतो. इंग्रजी ‘चेकमेट’मधला ‘मेट’ हाच.

## ८. हे सापळे ओळखून ठेवा

‘शाह मात म्हणजे राजा मेला.’ सगळीकडे छापलेलं असतं. अरबीत ‘मात’ म्हणजे मेला, हे खरं. पण फारसीत ‘मात’ म्हणजे हतबल, सुन्न. आणि बुद्धिबळात राजा कधीच मारत नाहीत, त्याला कोंडतात. दोन्ही मतं वहीत लिहा आणि कोणतं का पटतं तेही लिहा.

आवाजाचं साम्य. चौकडीचा शर्ट आणि चेक्सचा शर्ट, अर्थ तोच, सुरुवात ‘च’नेच. नवख्याचा हात लगेच शिवशिवतो. पण ‘चौक’ आणि ‘चौकडी’ यांच्या मुळाशी ‘चार’ आहे, संस्कृत ‘चतुष्क’. ‘चेक्स’च्या मुळाशी राजा. दोघांचे जुने कागद वेगवेगळ्या गावांचे आहेत. ‘सगळ्या इंग्रजी शब्दांचं मूळ संस्कृतात’ अशा यादीत अशाच जोड्या असतात. जुनी रूपं न दाखवता नुसता आजचा आवाज जुळवलेला दिसला की ती जोडी बाजूला ठेवा.

आडनावं. गुजराती ‘शहा’ आणि इराणचा ‘शाह’ एक नव्हेत. व्यापाऱ्यांचं हे आडनाव ‘साधु’वरून, ‘साहु’ होत आलेलं. आपला ‘साव’ त्याच वाटेवरचा.

आद्याक्षरांच्या गोष्टी. ‘न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ’ हा संदेश अजून फिरतो. तो खोटा आहे. ‘न्यू’चंच ते अनेकवचनी रूप, नव्या गोष्टी. जुन्या शब्दाची फोड आद्याक्षरांनी केलेली दिसली तर पहिला अंदाज ‘खोटं’ हाच ठेवा. लघुरूपांतून शब्द घडवण्याची चाल मुख्यतः विसाव्या शतकातली.

एकमेकांची नक्कल करणारी संकेतस्थळं. पाच ठिकाणी तेच वाचलं म्हणजे पाच पुरावे झाले असं नाही. वाक्यरचनासुद्धा तीच असेल तर तो एकच पुरावा धरा.

## ९. आता हे शब्द स्वतः करून पाहा

तपासण्याच्याच अर्थाचे तीन शब्द देते. नुसता धागा सांगते, पुढचं तुम्ही काढा.

‘टेस्ट’: लॅटिन ‘टेस्टुम’, मातीचं भांडं. सोन्याचांदीतला हीणकस भाग वेगळा करायला धातू अशा भांड्यात वितळवत. मराठीत टेस्ट मॅचला ‘कसोटी सामना’ म्हणतात. ‘कसोटी’ही सोन्याचा कस पाहण्याच्या दगडावरून, संस्कृत ‘कषपट्टिका’. दोन्ही भाषांत परीक्षा सोनाराच्या दुकानातून आली. ‘टेस्टामेंट’ मात्र इथे ओढू नका. तो साक्षीदार या अर्थाच्या दुसऱ्याच लॅटिन शब्दावरून आहे.

‘एक्झॅमिन’: लॅटिन ‘एक्सामेन’, तराजूचा काटा.

‘स्कॅन’: लॅटिन ‘स्कांदेरे’, चढणं. इंग्रजीत आधी अर्थ होता कवितेच्या ओळीचे गण पाडणं. तिथून बारकाईने पाहणं, आणि विसाव्या शतकात त्याच्या उलट, भरभर नजर फिरवणं. एकाच शब्दात दोन विरुद्ध अर्थ कसे राहतात हे शिकायला याहून चांगला शब्द नाही. मोनियर-विल्यम्समध्ये ‘स्कन्द्’ धातूही काढून पाहा, आणि बाण काढताना चौथ्या पायरीतली सूचना लक्षात ठेवा.

सुरुवात ‘टेस्ट’ने करा; त्याची साखळी सगळ्यांत लहान आहे. टिपण पुरं झालं की पाचही रकान्यांवरून नजर फिरवा. जिथे ‘कुठे सापडलं’ हा रकाना रिकामा असेल ती ओळ पेन्सिलीने लिहा आणि पुरावा हाती आल्याशिवाय शाईने गिरवू नका.